कळीतच कापलेली यारो

मोठ्या बहिणीला आमच्याकडे बाई म्हणतात. माझी बाई जंगलालगतच्या मोहर्लीत एका रिसॉर्टमध्ये खोल्या साफ करते. तिथल्या फुलदाण्यांतली फुलं नागपूरहून गाडीने यायची आणि दुसऱ्या दिवशीच मान टाकायची. मॅनेजर एकदा वैतागून म्हणाला, "आठवडाभर टिकणारं फूल इथेच कोणी पिकवलं, तर मी त्याच्याकडूनच घेईन." बाईने ते मनावर घेतलं. परक्यांच्या चादरी बदलण्यातून सुटायची तिला तेवढी एकच वाट दिसत होती.

रिसॉर्टच्या माळ्याने तिला बियांचं पाकीट दिलं. यारो नावाचं परदेशी फुलझाड. उंच दांडा, वर बारीक फुलांचा सपाट गुच्छ.

मी विरोधात होते. मी वाचायला शिकले तीच बाबांच्या पत्रकांवर. विडीची पानं तोडणाऱ्या तेंदूपत्ता मजुरांच्या सभांतून उरलेल्या पत्रकांचे गठ्ठे घरात असायचे. ज्या जंगलात आईला मोहफुलं वेचायला अडवतात, त्याच जंगलात सफारीच्या जिप्सीतून हिंडणाऱ्यांची टेबलं आपण सजवायची? मी हे सगळं जेवताना मोठ्याने बोलले.

बाई म्हणाली, "तू पत्रक लिही. मी बिया टाकतो."

शेवटी त्याच पत्रकांचे पेले वळून आम्ही त्यांत माती भरली. दिवाळी झाली होती. बी धुळीसारखं होतं. मातीने झाकू नका, असं पाकिटावर लिहिलेलं, म्हणून नुसतं वर भुरभुरलं. रोपं आली, मागच्या अंगणात लावली. पानं अगदी गाजरासारखी.

शेजारची काकी कुंपणावरून विचारायची, "काऊन वं, गाजरं कवा उपटाची?"

"होळीले ये काकी, हलवा खाऊ घालतो!" बाई हसून सांगायची.

होळी उलटल्यावर गुच्छ दिसू लागले, पिवळे आणि गुलाबी, अजून मिटलेले. ऊन चढत होतं. बाईने वर जुनं लुगडं ताणलं. मग मॅनेजरने नमुन्याला एक जुडी आणायला सांगितलं आणि बाईने पहाटे उठून सगळे मोठे दांडे कळीतच कापले. आमच्याकडे फूल असंच तोडतात. मोगरा, गुलाब, कळीच तोडायची, म्हणजे पोचेपर्यंत उमलते. आईनेही तेच सांगितलं. पाण्याची बादली मीच धरली होती.

यारो तशी उमलत नाही. झाडावर पुरती उघडून तिचे पराग दिसू लागले की मगच कापायची, हे मी नंतर मोबाइलवर वाचलं. दुपारपर्यंत रिसॉर्टच्या फुलदाण्यांत सगळे दांडे वाकले. मॅनेजर ओरडला नाही. "ही तर नागपूरच्या फुलांआधी गेली," एवढंच म्हणाला. त्या खोल्या बाईच्याच वाट्याच्या होत्या. फुलदाण्या तिनेच रिकाम्या केल्या.

संध्याकाळी मी पेटले. "एकच मोका द्याचा? त्याले जाब विचारू. मी लिहितो."

"काय लिहशीन? फूल वाकडं झालं, त्यात त्याचा काय गुन्हा हाय?"

मी वाचलेल्या प्रत्येक पत्रकात कोणीतरी दोषी समोर उभा असायचा. इथे कोणीच नव्हतं.

लहान म्हणून कापायचे राहिलेले दांडे पुढे त्याच उन्हात उघडले. तळहाताएवढे गुच्छ, ताठ दांडे. बाईने एक कापून पाण्याच्या गडव्यात ठेवला. आठवडा गेला, तरी तो वाकला नाही.

"आता नेऊन दाखव," मी म्हटलं.

"आता कोण्या तोंडानं जाऊ?" ती म्हणाली आणि डबा घेऊन ड्युटीवर निघाली.

मी एकटीने नेऊन दाखवायला हवा होता. पण मॅनेजरसमोर हातात फूल घेऊन उभं राहायचं, हे मला तेव्हा जमलं नाही. तो दांडा गडव्यातच वाळला, रंग न सोडता. पावसाळ्यात अंगणात पाणी साचलं आणि झाडं मुळापासून कुजली. बाईने ती उपटून तिथे भेंडी लावली. ती अजून खोल्याच साफ करते.