सुमनमावशींनी घातलेली शपथ

सुमनमावशी आपल्या खानावळीतली आमटी स्वतः कधी चाखायच्या नाहीत. पातेलं उतरवलं की जो आधी येईल त्याच्या तळहातावर दोन थेंब टाकून म्हणायच्या, "मीठ सांग." शिक्रापुरात खोली करून राहणारे आम्ही सगळे त्यांच्याकडेच जेवायचो. बाकीचे कंपनीतले, मी एकटा कॉलेजचा. "बोला सायब, इंग्रजीत खारट हाय का मराठीत?" अशी माझी चेष्टा व्हायची.

त्यांनी चाखणं का सोडलं, हे फक्त मला माहीत होतं. रक्तदान शिबिरात रक्त दिल्यावर रक्तपेढीनं त्यांना बोलावून रिपोर्ट दिला होता. तो मीच वाचला. हिपॅटायटिस बी, म्हणजे काविळीचा, यकृतात वर्षानुवर्षं गुपचूप राहणारा विषाणू. जेवणातून तो पसरत नाही, पण डॉक्टरांना दाखवा, असं मी वाचून सांगितलं. त्यांना दोन्ही पटलं नाही.

"कावीळ म्हटलं की उद्या एक मानूस यायचं न्हाई जेवाया. माझ्या गळ्याची शपथ हाय तुला."

पुढं त्यांचे सांधे सुजले, कणीक मळता येईना. रोज जेवायला येणाऱ्या दीपकनं आम्हाला गाडीतून शिरूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, संधिवाताची ही औषधं प्रतिकारशक्ती दाबतात, म्हणून विचारतो, यकृताचा काही त्रास, जुना रिपोर्ट? दीपक दारातच उभा होता. मावशी "न्हाई" म्हणाल्या आणि माझ्याकडं बघितलं. मी फरशीकडं बघत राहिलो.

सूज उतरली. त्या पुन्हा भराभर भाकरी थापू लागल्या आणि मला वाटलं, झालं ते बरंच झालं. काही महिन्यांत डोळे पिवळे झाले. तरी लोकांना त्या पित्तच सांगत होत्या. पुण्याच्या दवाखान्यात मी अखेर तो रिपोर्ट काढून दिला. संधिवाताच्या औषधांनी विषाणू उसळला, आधीच तो दाबणारी गोळी सुरू केली असती तर बहुधा हे टळलं असतं, असं तिथल्या डॉक्टर म्हणाल्या. मी शपथेचं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. आठवड्यात मावशी गेल्या.

दहाव्याला दीपकनं मला बाजूला घेऊन विचारलं, झालं काय होतं? मी आजाराचं नाव सांगितलं. जेवणातून होत नाही, हेही सांगितलं.

"मग लपवलं कशापायी? आमी जेवलोच असतो की."

खरंच जेवला असता का, मला माहीत नाही. त्या दिवशी शिरूरला दवाखान्याच्या दारात त्याला हे विचारायला मला एक मिनिट लागलं असतं.