टाकीपाशी डावीकडे

टपालमामा सेवानिवृत्त झाले, पण त्यांचे पाय काही झाले नाहीत. चौतीस वर्षं एकाच भागात पत्रं वाटलेला माणूस. कुणाचं कुत्रं चावतं आणि कुणाचं नुसतं भुंकतं हे त्यांना तोंडपाठ. स्वतःच्या चष्म्याचा पत्ता मात्र मामींना विचारायचे.

दोन वर्षांपूर्वी मामांचं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. तेव्हा मामी दवाखान्याच्या बाकावर बसून बोलून गेल्या, की माणूस घरी आला तर डोंगरावरच्या देवाला पायी येईन. माणूस घरी आला, पण मामींच्या गुडघ्यांनी दगा दिला. त्यांना घराच्या चार पायऱ्यासुद्धा कठड्याला धरून उतराव्या लागत.

"मी जातो तुझ्या वाटचं," मामा म्हणाले. "बारा दिवसांची तर वाट. मी आयुष्यभर दुसरं केलं काय?"

"आयुष्यभर तुम्ही गोल फिरलात," मामी म्हणाल्या. "ही वाट सरळ आहे."

वाटेचा एक नियम होता. पहिल्या दिवशी दिवेलागणीच्या आत पहिल्या धर्मशाळेत पोचून, नाव नोंदवताना मिळालेल्या कार्डावर शिक्का घ्यायचा. तो चुकला की नाव कटलं, मग थेट पुढच्या वर्षी. धर्मशाळा गावाबाहेरच्या पाण्याच्या टाकीपासून अठ्ठावीस किलोमीटरवर. मामींना नवस आणखी वर्षभर डोक्यावर नको होता. आधीच रात्री झोप लागत नव्हती त्यांना.

सकाळी सातला मामा निघाले. मुलीने पाठीवर अडकवायची छान पिशवी आणली होती. मामांनी ती दोन्ही पट्ट्यांसकट उजव्या खांद्यावर लटकवली, कारण पिशवी खांद्यावरच असते. कोपऱ्यावरच्या शिंप्याने मशीन थांबवलं.

"मामा, आमचं काही आहे का?"

मामांचा हात पिशवीत गेलाच. मग शिंपी हसला, मामाही हसले आणि म्हणाले, "आज नाही. आज मी देवाकडे चाललोय."

एवढ्या लांब जायचं, तर निरोप घेऊन निघावं. म्हणून त्यांनी शेजारच्या दारी सांगितलं. मग पलीकडच्या दारीही सांगावं लागलं, नाहीतर राग यायचा. एका दारी पाणी, दुसऱ्या दारी चहा. एका ठिकाणी नव्या पाटीवर घराचा नंबर चुकलेला दिसला, तो उभा राहून दुरुस्त करून घेतला. असं करत करत टाकी आली. वाट टाकीपाशी सरळ जात होती. मामा डावीकडे वळले. तिकडेही माणसं राहत होतीच की! शाळेमागची घरं झाली, तीन नव्या इमारती झाल्या, आणि साडेदहाला मामा एका फाटकाशी उभे राहून ओरडले, "पोस्ट!"

दार उघडलं. समोर मामी, हाताला साबणाचा फेस.

"काय हो," त्या म्हणाल्या, "देव भेटला का?"

मामांनी फाटकाकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं. पाटीवर त्यांचंच नाव.

"अगं, मी..."

"जेवूनच जा आता. वेळेवर आलाय."

पण म्हणता म्हणता मामींनी घड्याळ पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. हात पदराला पुसून त्यांनी कोपऱ्यातली काठी घेतली. "चला. टाकीपर्यंत मी येते. तुमच्या पायांवर माझा काडीचा भरवसा नाही."

"अगं, तुझे गुडघे!"

"माझे गुडघे दुखतात, पण रस्ता चुकत नाहीत."

थेट गेलं तर टाकी अर्ध्या किलोमीटरवर. पण मामी दहा पावलं चालायच्या आणि थांबायच्या. मामांचा जीव वरखाली. हात धरावा तर त्या झटकत, पुढे जावं तर पाय उचलत नव्हता. शिंपी दारात येऊन म्हणाला, "मामी, तुम्हीसुद्धा?"

"पत्र पोचवायला चाललेय," मामी म्हणाल्या. "पत्ता चुकून परत आलं होतं."

टाकीपाशी पोचायला साडेअकरा वाजले. मामी डावीकडच्या रस्त्याच्या तोंडाशी, बरोब्बर मधोमध, काठी आडवी धरून उभ्या राहिल्या. ओठ दुखण्याने पांढरे पडले होते, पण डोळे मिस्कील.

"आता वळून दाखवा इकडे."

"तू घरी कशी जाशील?"

"शिंप्याला निरोप धाडेन. जा तुम्ही. आणि कुणाची पाटी वाचू नका."

मामा निघाले. कुठे थांबले नाहीत, कुणाच्या दाराकडे पाहिलं नाही. भाकरी चालता चालता खाल्ली. दुपारनंतर पिशवी दोन्ही खांद्यांवर घेतली आणि मुलगी बरोबर होती हे मनातल्या मनात कबूल केलं. शेवटच्या चढाला ऑपरेशनची जागा ओढायला लागली, तेव्हा आडवी काठी डोळ्यांपुढे आणली.

धर्मशाळेचा कारकून दिवा लावून वही मिटत होता.

"थांबा!" मामांनी कार्ड पुढे केलं.

"अगदी शेवटी आलात, आजोबा. एकटेच?"

"टाकीपर्यंत दोघं होतो," मामा म्हणाले.

कारकुनाला काही कळलं नाही. त्याने शिक्का मारला. मामांनी कार्ड दिव्याजवळ नेलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि तोंड वाकडं केलं.

"तारीख पुसट उठलीय. शाई लावून परत मारा."

"चालतं हो, आजोबा!"

"इथे चालत असेल," मामा म्हणाले. "आमच्या घरी तपासणी कडक असते."