नानांचा रोलवाला कॅमेरा

फोटो स्टुडिओच्या काउंटरवर बारा वर्षं काढली की किस्से न नेलेल्या फोटोंच्या पाकिटांसारखे साचतात. ड्रॉवर उघडला की भसकन बाहेर! आमच्या अलिबागच्या स्टुडिओतले निम्मे किस्से मालकांच्या, म्हणजे नानांच्या, एकाच कॅमेऱ्याचे.

गावातले सगळे फोटोग्राफर डिजिटलवर गेले. नानाही डिजिटल आणायला मांडव्याहून लाँचने मुंबईला गेले, आणि आले ते रोलचा कॅमेरा घेऊन! मी हादरलेच.

"नाना, रोलचा?"

"नवंकोरं मॉडेल आहे! जग रोल सोडतंय तरी कंपनीने बनवलं, म्हणजे काहीतरी असेलच ना?"

घरी काकू दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

*

एका साखरपुड्यात नवरदेव नानांच्या मागे येऊन वाकून बघायला लागला.

"स्क्रीन कुठाय?"

"नाही."

"मग फोटो कसा आलाय ते?"

"गुरुवारी कळेल!"

बिचाऱ्याने तिथेच पाणी मागवलं.

*

एका लग्नात नाना पंगतीला बसले. तेवढ्यात मुलीच्या मामांनी कॅमेऱ्याचं मागचं झाकणच उघडलं! सगळ्या रोलवर उजेड!

"अहो, काय केलंत हे!"

"काही नाही, फोटो बघत होतो."

नवरा-नवरीला पुन्हा हार घालायला लावले.

*

रोल संपला की कॅमेरा फिल्म आत ओढून घेतो. डबीबाहेर फिल्मचं शेपूट दिसलं तर रोल कोरा, नाही दिसलं तर वापरलेला. आमचा हिशेब एवढाच. या कॅमेऱ्यात मात्र शेपूट बाहेर ठेवायची सोय होती. धुताना बरं पडतं म्हणून नानांनी ती चालू केली.

"नाना, घोळ होईल हो!"

"मला शिकवू नकोस."

*

नारळी पौर्णिमेला नानांनी कोळीवाड्यातल्या हौसाबाईंच्या नवऱ्याचे रोलभर फोटो काढले. होडीवर, हातात नारळ घेऊन. मग रोल कुठे ठेवला, देव जाणे! दिवाळीनंतर हौसाबाईंचा नवरा तापाने गेला. हौसाबाई मासळीची टोपली दारात ठेवून विचारायच्या, "नाना, गावला का रोल? त्यांचा एक बी फोटू न्हाय घरात." नाना पुन्हा ड्रॉवर उपसायला लागायचे. मला ते बघवत नसे.

वैशाखात हौसाबाईंच्या मुलीचं लग्न झालं. नाना हट्टाने म्हणाले, "फोटो मीच काढणार." लग्नात दुसरा फोटोग्राफर बोलावलाच नव्हता. बॅगेच्या तळातून शेपूटवाला रोल काढला, घातला, अख्खं लग्न टिपलं.

प्रिंट हातात आल्या आणि बघते तर काय! नवरा-नवरीच्या आरपार होडी! कन्यादान करणाऱ्या काकांच्या शेजारी मुलीचा बाप उभा, हातात नारळ! छत्तीसच्या छत्तीस तसेच!

नानांनी प्रिंट माझ्या हातातून ओढून घेतल्या. "तिच्या पोरीचं लग्न मातीत घातलं मी!"

हौसाबाई आल्या तेव्हा त्यांनी हात जोडले. "चुकलो, हौसाबाई. हरवलेला रोलच परत घातला. एकावर एक निघालेत सगळे."

हौसाबाई प्रिंट घेऊन दारातल्या उजेडात गेल्या. एक बघितली, दुसरी बघितली, डोक्यावर पदर घेतला.

"आनि मी येडी सगल्यांना सांगत व्हते, बापाबिगर लगीन लागलं."