गुळाचा कौल

आमच्या गावचे अण्णा गुरव देवाशी भांडत. पूजा करता करता त्याला खडसावत, "नुसता नैवेद्य खातोस, जरा गावाकडे बघ की!"

देवळाला स्लॅब घालायची टूम निघाली, त्यासाठी देवराईतली झाडं विकायची ठरली. कंत्राटदार म्हणाला, "जंगल तोडत नाही हो. निवडून दहाच मोठी झाडं, बाकी राई जशीच्या तशी." देवळाच्या आम्हा कमिटीवाल्यांना ते पटलं. सही माझीही आहे.

रिवाजाप्रमाणे अण्णांनी देवाच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या लावून कौल विचारला. उजवी पडली म्हणजे होकार, डावी पडली म्हणजे नकार. उजवी पडली. दुसऱ्या दिवशी जुना बेहडा आडवा झाला. वेलींनी बांधलेली लहान झाडं त्याने सोबत ओढली, ट्रकच्या वाटेत आणखी गेली. बेहड्याच्या ढोलीत धनेश पक्ष्याची मादी पिलासकट स्वतःला चिणून बसली होती, ती चिरडली. नर चोचीत फळ घेऊन त्या रिकाम्या जागेवर घिरट्या घालत राहिला.

"एक तोडलात म्हणता? डोळे फुटले काय रे तुमचे?" अण्णा ओरडले. "देवाला घाऊक कौल विचारला ही माझी चूक. तुम्ही निवडून तोडताय ना? मग मी पण एकेका झाडाचा वेगळा कौल लावणार!"

तीन झाडांचे कौल लागले, तिन्ही वेळा डावी. गाव चकित! चौथ्या दिवशी देवाच्या उजव्या खांद्याला मुंग्यांची रांग लागलेली दिसली आणि बिंग फुटलं. बैठकीत अण्णांनी मान खाली घातली नाही. "लावला उजवीला गूळ. देवाला गोड लागला, तुम्हाला का कडू?"

बाटलेला कौल त्याच कामासाठी पुन्हा घ्यायची आमच्याकडे रीत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. नऊ झाडं वाचली. अण्णांची पिढीजात पूजा मात्र गावाने काढून घेतली. मी भेटायला गेलो तर म्हणाले, "मान गेला तर जाऊ दे. झाडां हायत ना जाग्यावर?" पण देवळाची घंटा वाजली की त्यांचे हात आपोआप जुळत.

त्या पावसात ट्रकच्या वाटेची माती उतरून राईखालच्या झऱ्याचं पाणी लालभडक झालं. बायका रिकामे हंडे घेऊन परतल्या. तरी अण्णांना पूजा परत द्या, असं कुणी बोललं नाही. मीही नाही. लाज वाटते सांगताना.

अण्णा गेले त्याला वर्ष होतंय. गेल्या महिन्यात कंत्राटदार पुन्हा आला. आता कौलबिल काही नाही, नुसता कागद. सगळ्यांच्या सह्या होऊन तो माझ्यापुढे आला.

मी तो उभा फाडला. "गुरव मेला म्हणून राई बेवारस झाली नाही," म्हटलं. "लावा कुणीही कुऱ्हाड. मी झाडाला पाठ लावून बसतोय."