एका होकाराचे चार ट्रंक कॉल

हसणार नसाल तर सांगतो. नाही, हसाच! आमच्या शांताताईचं ठरत आलेलं लग्न मी एकट्यानं, निव्वळ गणिताच्या जोरावर मोडत आणलं होतं.

तेव्हा मी नागपूरला एम.एस्सी. करत होतो. टेलिफोनच्या लायनीवर गर्दी झाली की कॉल किती तुंबतो, याचं गणित नुकतंच शिकलो होतो. रांगेचं शास्त्र म्हणतात त्याला. डोक्यात नुसत्या रांगा!

सुट्टीत सिंदीला घरी आलो, तर वणीकडच्या एका गावाहून ताईला पसंती आलेली. आमचा होकार संध्याकाळपर्यंत कळायला हवा, नाहीतर पाहुणे उद्या दुसरी मुलगी बघायला निघणार. इकडे ताईला मुलगा इतका आवडलेला, की भाजीत दोनदा मीठ पडलं होतं.

कळवायचं ट्रंक कॉलनं, म्हणजे पोस्टात नोंदवून वाट बघत बसायच्या बाहेरगावच्या फोननं. आणि पाहुण्यांच्या गावात फोन एकच, किराणा दुकानातला.

"मी जातो अन् लावतो फोन," बाबा म्हणाले.

"एकाच ठिकाणाहून?" मी कपाळाला हात लावला. "अन् लाइन तुंबली तर? चार गावांहून चार कॉल बुक करू. एक तरी लागतेच!"

"पोरगं शिकलं बाप्पा!" आई कौतुकानं म्हणाली.

झालं! काका वर्ध्याला, मामा सेलूला, मावसाजी हिंगणघाटला. सिंदीचा किल्ला माझ्याकडे. एकाचा कॉल लागला की बाकीच्यांना थांबवायचं कसं, हे मात्र माझ्या गणितात नव्हतं.

दुपार टळली. ऑपरेटरबाई दर वेळी तेच सांगत, "तिकडचा फोन एंगेज आहे जी."

"पाहा! कोणी तरी बिनकामाचा माणूस लाइन अडवून बसला आहे," मी पोस्टातल्या बाकावरच्या लोकांना शास्त्र समजावलं. त्या माणसाला चार शिव्याही हासडल्या.

तो बिनकामाचा माणूस म्हणजे आमचे काका होते हो! त्यांच्यानंतर मामा. मग मावसाजी!

दिवेलागणीला माझा कॉल लागला. "होकार आहे जी आमचा!" मी ओरडलो.

तिकडे मुलाचे वडील धापा टाकत होते. "अजून एक होकार? आजचा चौथा! दर वेळी मले वावरातून पळत या लागते. काऊन एवढी घाई करून राह्यले तुम्ही? पोरीत काही खोट आहे काय?"

मी घाईघाईनं रांगेचं शास्त्र सांगू लागलो. "उद्या मीच येतो पाह्यले," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी ते आले. चेहरा असा कडक, की बाबांना 'बसा' म्हणायचंही सुचेना. ताईनं पाण्याचा गडवा पुढे केला आणि सरळ म्हणाली, "बाबाजी, खोट आहे. पण माह्यात नाई, ह्या भावात आहे!" आणि माझा सगळा पराक्रम सांगून टाकला.

म्हातारा इतका हसला, की पाण्याचा ठसका लागला. लग्न तिथंच पक्कं झालं. मला तर नाचावंसं वाटत होतं.

पुढे माझं लग्न ठरलं. बाबांनी होकाराचं पोस्टकार्ड लिहिलं. मी हात पुढे केला, "द्या, पेटीत टाकून येतो."

बाबांनी कार्ड झटकन मागे घेतलं.

"राहू दे. तू चार पेट्यांत टाकशीन!"