व्हायरसचे सोयरे

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. आपण नमुन्याचं पाकीट उघडतो पानासाठी, आणि पानाबरोबर आख्खा माणूस बाहेर येतो! रत्नागिरीच्या आमच्या लॅबमध्ये तिघंच होतो: साळवी मॅडम, मी आणि अटेंडंट तुकादादा. रोगट पानांतून डीएनए काढायचा, व्हायरस ओळखायचा आणि तो कुठल्या कुळातला ते ठरवायचं, हे आमचं काम.

*

डीएनएच्या प्रती काढणारं पीसीआर मशीन लावलं की लाइट जायचीच. एकदा सलग तिसऱ्यांदा गेली. मी रडकुंडीला आलेली. तुकादादा म्हणाले, "व्हायरसाला पन जरा इसावा नको काय?"

मग तिघं पायरीवर चहा घेऊन बसलो. आता पुण्यातल्या माझ्या लॅबला जनरेटर आहे. लाइट जात नाही, त्यामुळे कोणी कोणाशी बोलतही नाही!

*

नमुन्यांच्या फ्रीझरमध्ये एकदा फॉइलची अनोळखी पुडी सापडली. मॅडमनी उघडली, तर दोन बांगडे!

"तुकाराम, हा कुठल्या कुळातला?"

"तळल्यावर सांगतो, मॅडम!"

त्या दिवसापासून फ्रीझरला कुलूप. चावी तुकादादांकडेच!

*

पूर्णगडच्या एक काकू केळीचं पान घेऊन आल्या. शेंड्याच्या पानांचा आखडून गुच्छ झालेला. तपासणी झाल्यावर मॅडमनी त्यांना स्क्रीनवर व्हायरसची वंशावळ दाखवली. "याचे जवळचे सोयरे फिजी बेटांवर आहेत, बघा."

"आमचे हे बोटीवर असतात. तिकडे गेले तर भेटून येतील!"

सगळे हसलो. काकूही हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "फिजीहून घरी यायला किती दिवस लागतात हो?"

*

चिपळूणच्या नानांनी मिरवेलीची पिवळी पडलेली पानं आणली. पाकिटावर, झाडाची जात लिहायची तिथे लिहिलं होतं: सुमन.

"ही कुठली जात, नाना?" मॅडमनी विचारलं.

"जात नाही हो. बायको. वेल तिनं लावलेली. ती गेली गेल्या वर्षी."

व्हायरस निघाला. यावर औषध नाही. मॅडम सगळ्यांना सांगायच्या तेच त्यांनाही म्हणाल्या, "उपटा आणि जाळा." नाना मान हलवून गेले.

व्हायरसची माहिती डेटाबेसमध्ये भरताना नमुन्याला नाव द्यावं लागतं. मॅडमनी पाकीट पुन्हा एकदा पाहिलं, आणि टाइप केलं.

महिन्याभराने नाना आले. "काढली वेल," एवढंच म्हणाले.

मॅडमनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. वंशावळीच्या एका फांदीच्या टोकाला नाव होतं: सुमन.

नानांनी चष्मा लावला. बराच वेळ वाचत राहिले.

"हे कोणी पुसणार नाही ना?"

"नाही, नाना."

त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"मग बसतो जरा."