तुळस कुठल्या खिशात

वरलक्ष्मीला एका जागी बसणं जमत नाही. समोरची कॉफी अर्धी पिऊन ती उठणार, भिंतीशी जाऊन काहीतरी बोटांनी मोजणार, परत येईतो कॉफीवर साय. पंपाच्या कारखान्यात ती नकाशे काढायची. गेल्या वर्षी नोकरी सोडली आणि बाल्कनीत टांगायची उभी बाग बनवायला घेतली. लोखंडी चौकट, तिच्यावर एकाखाली एक काथ्याचे खिसे, माथ्यावर पाण्याची टाकी. वरच्या खिशातलं पाणी झिरपत खालच्याला मिळतं. आठवडाभर गावाला गेलात तरी झाडं जगतात, असं ती छातीठोक सांगायची.

मेडिकल कॉलेज रस्त्यावरच्या एका इमारतीचे सेक्रेटरी चिदंबर तिला म्हणाले होते, "अंबाअम्मांच्या बाल्कनीत नमुना लावा. त्या सरी, चालेल म्हणाल्या, तर अख्खी इमारत घेईल." अंबाबाई इमारतीत सगळ्यांत वडील, वरलक्ष्मीची लांबची आत्या. त्या नको म्हणाल्या, तर पुन्हा कारखाना. तिथला साहेब अजून फोन करून विचारत होता.

नमुना लावून चार दिवस झाले नाहीत, तो आत्याचाच फोन. "वरु, असशील तशी ये."

स्कूटरवर तिच्या डोक्यात नुसता गोंधळ. नळी निसटली? चौकट पडली? वर जाऊन बघते तर झाडं टवटवीत. माथ्याला कांद्याची पात, खाली कढीपत्ता, मग पूजेला हाताशी यावी म्हणून तुळस, तळाला पुदिना.

"अस्कं, सगळंच बरं तर आहे की, आत्या!"

"बरं? अगदी वर काय लावलीस?"

"सांबारचा छोटा कांदा. त्याला कोरडं चालतं, म्हणून वर."

"आणि त्याचं पाणी जातं कुठं?"

कांद्याच्या खिशाखाली एक थेंब फुगला, कढीपत्त्यात पडला. कढीपत्त्याचा तुळशीत. वरलक्ष्मीनं कपाळावर हात मारला. "अय्यो!"

"चातुर्मासात मी कांदा खातसुद्धा नाही, तू तुळशीच्या डोक्यावर बसवलीस! आणि तीच पानं मी देवाला वाहत्ये. वा ग इंजिनिअर!"

"इंजिनिअर नव्हे, ड्राफ्ट्समन."

"मग ड्रॉइंगमध्ये देव कुठं राहिला?"

तुळस माथ्यावर न्यावी, तर पश्चिमेचं ऊन तिला दोन दिवसांत करपवणार. तिनं घरी करून पाहिलं होतं. कांदा तळाला न्यावा, तर ओलीत कुजणार; काढूनच टाकावा, तर बाकीच्या घरांना तो हवाच. वेगळी नळी काढावी, तर चौकट नव्यानं बांधायला हवी. ती बाल्कनीच्या या टोकाची त्या टोकाला जात राहिली.

"सुम्मा बस ग, मला गरगरतं," आत्या म्हणाल्या. "तुळशीला मी न्हाऊन तांब्यानं पाणी घालत्ये. तिला तुझ्या टाकीचं काय काम?"

"आणि गावाला गेलात तर?"

"समोरची राजलक्ष्मी घालेल. आजवर कोण घालत होतं?"

वरलक्ष्मीला ते लागलं. कुणाच्या हाताची गरज नको, यासाठीच तर सगळा खटाटोप. तरी तिनं तुळस उपटून कुंडीत लावली आणि कुंडी थेंब पोचणार नाहीत अशी कठड्याच्या पार टोकाला अडकवली.

संध्याकाळी चिदंबर आले. "ही बाहेर का?"

"तिला पाणी हातानं घालायचं."

"मग गावाला गेल्यावर?"

नवीन मॉडेल येतंय, त्यात सोय आहे, असं काहीबाही तिच्या जिभेवर आलं होतं. आत्या तिच्याकडेच बघत होत्या.

"तुळशीला शेजारीण लागेल," ती म्हणाली. "बाकीच्यांना नको."

"असं खोक्यावर छापणार?"

"छापणार."

आत्यांनी मान डोलावली, तसे चिदंबर मोठ्यांदा हसले. "सरी. लावून टाका सगळीकडे. पण आमच्या अम्माला विड्याच्या पानांचा वेल हवा. आंघोळ न करता कुणी त्याला हात लावलेला तिला खपत नाही. आणि शेजारणींशी तर तिचं बोलणंच नाही."

वरलक्ष्मी तोवर चपला घालत होती. "तुमची बाल्कनी कुठल्या मजल्यावर, सर?"